दुसऱ्याच्या आठवणीतला पासकोड

अपघातानंतर मृणालला फोनचा पासकोड आठवेना. स्मृती-तपासणी केंद्रातल्या मुलीने तिच्या डोक्यावर यंत्राची टोपी चढवून स्मृती तपासली. तेवढा भाग कोराच होता.

"घरच्या कोणी कोड पाहिला असेल, तर त्यांच्या स्मृतीतून निघेल," मुलगी म्हणाली.

"मी कधीच पाहिला नाही," नवरा निरंजन म्हणाला.

"ओझरता पाहिला असशील. बस ना," मृणाल म्हणाली. तो नाइलाजाने बसला.

यंत्राने लगेच सहा आकडे दाखवले. "सरांनी हा बऱ्याचदा वापरलाय," मुलगी सहज बोलून गेली.

मृणालने फोन उघडून जुने मेल चाळले. कोल्हापूरच्या कॉलेजने आपल्याला नोकरीसाठी निवडलंच नाही, असं ती वर्षभर समजत होती. पाठवलेल्या मेलमध्ये मात्र कॉलेजच्या निवडपत्राला तिच्या नावाने दिलेला नकार होता.

"तू इतक्या लांब गेली असतीस," निरंजन पुटपुटला.

तिने कॉलेजला फोन लावला. "मी मृणाल देवस्थळी. तो नकार माझा नव्हता."