बिनआवाजाचे व्हॉल्व्ह

सातव्यांदा फाटक उघडलं आणि सातव्यांदा गाय जागची हलली नाही.

गजेंद्रने घड्याळ पाहिलं. साडेबारा. श्रीपेरुंबुदूरजवळच्या या गोठ्यात तीस गाई काल संध्याकाळपासून तटतटलेल्या कासेने उभ्या होत्या. धार यंत्रमानवानेच काढायची, माणसाने हात लावायचा नाही, अशी मालकीणबाई हेमलता मॅडमची सक्त ताकीद. एकदा हाताची धार मिळाली की गाई यंत्राकडे फिरकत नाहीत, असं परदेशी कंपनीने त्यांना पढवलं होतं. आणि काल चेन्नईच्या दमट हवेने यंत्राचे आणि त्याच्या फाटकाचे बाराही एअर व्हॉल्व्ह गंजून अडकले.

गजेंद्र मूळचा सांगलीचा. अशा व्हॉल्व्हचं त्याचं छोटं वर्कशॉप अंबत्तूरला होतं. सकाळीच येऊन त्याने नवे व्हॉल्व्ह बसवले आणि हौसेने प्रत्येकावर पितळी सायलेन्सरही चढवले. जुने दर वेळी फुसकारायचे, हे अगदी मुके. मॅडम खूश झाल्या होत्या. आता त्या येरझाऱ्या घालत होत्या.

"संध्याकाळपर्यंत बघते," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "नाहीतर उद्या यंत्र परत."

गजेंद्रने नळ्या तपासल्या, दाब तपासला, फाटक पुन्हा चालवून पाहिलं. कुठे काही बिघडलेलं नव्हतं, आणि त्यानेच त्याचं डोकं जास्त फिरलं. मागे एक गाय हंबरली. त्याला तिच्याकडे बघवेना.

गोठ्याच्या दाराशी तुळजाअक्का बसली होती. तंजावरकडची, घरात जुनी मराठी बोलणारी. यंत्र येण्याआधी वीस वर्षं इथली धार तिच्याच हातची. यंत्र नीट चाललं की तिचं काम संपणार, हे ठरलेलं होतं. सकाळपासून बाई एक अक्षर बोलली नव्हती. नुसती बघत होती. गजेंद्रला तिचा मनस्वी राग आला. आपली फजिती बघून हिच्या जिवाला थंडावा मिळत असणार. कोण जाणे, गाईंना हिनेच काही शिकवलं असेल.

तेवढ्यात तुळजा उठून त्याच्याजवळ आली.

"सार, ती पितळेची टोपणं काढा. फाटक फुसकारलं म्हणजे आत खुराक पडतो, इतकंच ती जनावरं जाणतात. आता फुसकारत नाही, मग ती येतील कशी?"

गजेंद्रने पाना उचलला आणि फाटकाच्या व्हॉल्व्हवरचा सायलेन्सर काढला. फाटक फुसकारलं. पुढच्या गायीने कान टवकारले आणि मुकाट आत शिरली. यंत्राचा हात कासेखाली सरकला, नळीतून दूध धावू लागलं. मागे आपोआप रांग लागली. मॅडम फोनवर कुणालातरी आनंदाने सांगत सुटल्या.

गजेंद्रचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच त्याला स्वतःची लाज वाटली.

"अक्का, तुम्हाला हे सकाळपासून माहीत होतं?"

"होय."

"मग गप्प बसायचं. यंत्र परत गेलं असतं, तुमचं काम टिकलं असतं."

"सकाळपासून मीही मनाशी तेच म्हणत बसले होते, सार," तुळजा म्हणाली. "पण यंत्र जाईतोवर गाईंनी कळ सोसायची कां?"