तिसरी वायर

"मारा सेल," धाकटा म्हणाला. टॅक्सीवाल्याने चावी फिरवली. इंजिन गरागरा फिरलं, फिरतच राहिलं, पण पेट काही घेईना.

"सकाळी ही चालत आली होती हो," टॅक्सीवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला. "धापा टाकत का होईना, स्वतःच्या पायांनी आली. तुम्ही दुरुस्त केलीत आणि आडवीच झाली!"

धाकट्याला हसू आलं नाही. काम तसं किरकोळ होतं. इंजिनात हवा सोडणारा थ्रॉटल साफ करायचा आणि प्लग नवे घालायचे. थ्रॉटल त्याने स्वतः केला होता. प्लग आणि त्यांच्या वायरी दादाने बसवल्या होत्या. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. गॅरेज त्यानेच उभं केलं, धाकट्याच्या हातात पहिला पाना त्यानेच दिला. आजारपणानंतर दादाचा उजवा हात थरथरायला लागला. घरी ठेवलं की भिंतीकडे तोंड करून बसायचा, म्हणून वहिनीने धाकट्याला गळ घातली होती, काही काम करोत न करोत, त्यांना तिथे असू द्या.

"वायरी उलटसुलट लागल्यात," धाकटा म्हणाला.

"नाही रे." दादा बोनेटपाशी आला. "वायरी उलट्या असत्या तर खोकली असती, फटफटली असती. ही नुसती फिरतेय. हवेचं बघ काहीतरी."

"हवेचं काम मी केलंय."

"म्हणूनच म्हणतो, एकदा उघडून..."

"दादा, तुला धड पाना धरता येत नाही आणि मला शिकवतोस?"

बोलून गेला आणि मग त्यालाच कसंतरी झालं. टॅक्सीवाल्याला तेवढंच निमित्त पुरलं. "खरंच की मिस्त्री! ज्यांच्या पेल्यातलं पाणी सांडतं, त्यांना इंजिनाला कशाला लावता?" आता इथे धाकट्याने दोन शब्द सुनवायला हवे होते. पण गाडी बंद, गिऱ्हाईक तापलेलं, आणि समोर आयतं कारण उभं. त्याने मान डोलावली.  दादा मागच्या नळावर हात धुवायला गेला.

धाकट्याने वायरी एकेक करून तपासल्या. सगळ्या जागच्या जागी, घट्ट. प्लग काढला तर पेट्रोलने ओलाचिंब. इंजिनाच्या अंगाला टेकवून सेल मारायला लावला, तर ठिणगी चांगली टपोरी. ठिणगी आहे, पेट्रोल आहे. मग उरलं काय?

त्याने थ्रॉटलवरचा हवेचा पाइप काढला. आत चिंधी होती.

थ्रॉटल उघडा असताना आत नट पडू नये म्हणून तोंडाशी चिंधी कोंबायची, ही या गॅरेजची रीत. आणि तिचं लांब शेपूट बाहेर लोंबत ठेवायचं, म्हणजे पाइप चढवताना ते दिसतं. शेपूट नसलेली चिंधी दादाने कधी कुणाला वापरू दिली नव्हती. सकाळी लांब चिंधी शोधायचा धाकट्याला कंटाळा आला होता. हाताशी होता तो टीचभर तुकडा त्याने आत कोंबला होता, आणि विसरला होता.

टॅक्सीवाला फोनवर कुणा प्रवाशाला समजावत होता. मागे नळ वाहत होता. चिंधी खिशात गेली.

त्याने पाइप चढवला, प्लग पुसून परत बसवले. पहिल्याच सेलला इंजिन सुरू झालं.

"काय होतं हो?"

"वायर," धाकटा म्हणाला. "तिसऱ्या प्लगची. ढिली राहिली होती."

चिंधी होती म्हटलं असतं तर टॅक्सीवाला काय त्याला गिळणार होता? दोन टोमणे मारले असते आणि भाड्याला गेला असता. पण जीभ एकदा घसरली की आपणच तिच्या मागे फरफटत जातो.

आवाज ऐकून दादा ओल्या हातांनीच आला. त्याचं तोंड हसरं झालं होतं. "झाली? कुठे होतं रे?"

"तिसरी वायर ढिली होती, मोठे मिस्त्री," टॅक्सीवाल्याने परस्पर सांगून टाकलं.

दादाने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा वाकून पाने गोळा करायला लागला. त्याचे कान तापले होते. "हो," तो पान्यांना म्हणाला. "तिसरीच."

"ती मी दोनदा दाबून पाहिली होती." दादाच्या आवाजात तक्रार नव्हती. तो आठवत होता. "टक् असा आवाजही आला होता. म्हणजे, मला तरी ऐकू आला." मग तो जरासा हसला. "हात गेलाच होता. आता डोक्याचंही खरं नाही म्हणायचं."

सांग, आत्ता सांग, असं धाकट्याच्या मनात चाललं होतं. मान वर करून बघायचीही त्याला लाज वाटत होती. तेवढ्यात टॅक्सीवाल्याने रिव्हर्स टाकला.

गॅरेजचं तोंड अरुंद आणि बाहेर लगेच वाहता रस्ता. गाडी मागे घ्यायची तर कुणीतरी रस्त्यावर उभं राहून इशारा करावा लागतो. ते काम कायम दादाचं. सवयीने तो मागे गेला. त्याने दोन्हीकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. त्याने हात वर केला. मग पुन्हा एकदा दोन्हीकडे पाहिलं, आणि हात खाली घेतला.

"छोट्या," त्याने आत हाक मारली, "तू ये इथे. मला मोकळा दिसतोय, पण तू बघ."