शिरीषाची सावली

उचगावच्या शालूबाईनं बहात्तरच्या दुष्काळात भांडी विसळलेलं पाणी घालून दारातला शिरीष जगवला होता. दर माघात त्याची पानं झडत आणि अंगणभर ऊन येई.

शहात्तर सालच्या माघातही पानं झडली, तिनं ती झाडून काढली. पण खालची सावली होती तेवढीच दाट राहिली. वर बघावं तर नुसत्या फांद्या आणि निळं आभाळ.

म्हैस त्या सावलीत पाय टाकेना. शालूबाई नवऱ्याला म्हणाली, "अवो, मला हे बरं दिसत न्हाय. तोडून टाका झाड."

"एवढं जीव लावून वाढवलंस, आन् आता तोडू? सावली हाय, बसायचं की!" हंबीरराव हसले आणि दुपारी तिथंच घोंगडं टाकून झोपले.

जेवायची हाक ऐकून ते उठले, उन्हातून चालत घरात आले आणि पाटावर बसले.

"लई गार वाटतंय गं," ते म्हणाले.

त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पानांची सावली हलत होती.

घाबरून शालूबाईनं हातानं त्यांची पाठ झटकली. सावली गेली नाही. ती तिच्या बोटांवर आली आणि हळूहळू मनगटाकडं सरकू लागली.