लदेणी

"चार वाजता मराले लागतील," राखी म्हणाली. "एकेक करून."

धरमसिंगनं खंजिरी अंगणात उन्हाला ठेवली, कातडं वर करून. संध्याकाळी फुलसावंगीत कीर्तन होतं. बुवा उभे राहण्याआधी बंजारा तांड्याच्या मंडळीला दोन भजनं म्हणायची होती, आणि कातडं तापल्याशिवाय खंजिरी बोलत नाही.

"कोण मरते?" त्यानं विचारलं.

"भियाची फौज. धान्य संपून राह्यलं."

राखीच्या मोबाइलवर खेळ चालू होता, त्यात तिच्या भावाचं, बबलूचं गाव होतं. गोल भिंत, आत घरं, बाहेर शेतं, आणि वरच्या कोपऱ्यात लाल होऊन उतरत चाललेला धान्याचा आकडा. बबलू पुण्याच्या कंपनीत पाळीवर होता. मोबाइल गेटवर जमा. पाचला सुटेपर्यंत गाव बहिणीनं बघायचं, असं दोघांचं ठरलेलं. तिचंही गाव त्याच खेळात होतं, त्याच्या शेजारीच.

बबलू दोन वर्षांपूर्वी शेत सोडून पुण्याला गेला. तेव्हापासून धरमसिंगनं त्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. बबलूची खंजिरी आत खुंटीला तशीच टांगलेली होती.

"फौज वाढवाची हौस," तो म्हणाला. "खावाले कोण घालीन?"

"रोमन जमात घेतली न त्यानं, बा. मीबी रोमनच. रोमनाइचं पायदळ असं, तेच हल्ला करते, तेच गाव राखते. भिंत त्याइची सगळ्यात मजबूत. आन एकाच येळी शेतबी वाढवता येते न घरबी बांधता येते. दुसऱ्याइले एक झाल्याशिवाय दुसरं नाही."

"खेळात जमते त्याले. इथी त ना शेत केलं, ना घर."

राखीनं आपल्या गावातलं धान्य गाड्यांत भरलं आणि गाड्या सोडल्या. बारा होत्या.

"एवढंच धान्य?"

"रोमनाइच्या गाडीत वझं कमी मावते. तेवढं एकच हलकं आहे त्याइचं."

"मंग कायचे भारी?" धरमसिंग हसला. "आपले आजे-पंजे फौजाइले धान्य पुरवत होते. वझं नेणाराच नसन त तुहं पायदळ काय भिंत खाईन?"

तीन बावन्नला गाड्या पोचल्या. लाल आकडा हिरवा झाला. साडेपाचपर्यंतचं भागलं. राखीनं मोबाइल मांडीवर ठेवला आणि ओढणीनं तोंड पुसलं.

धरमसिंग उठला. खंजिरीवर बोट मारून पाहिलं. अजून दबकाच आवाज. तो परत येऊन तिच्याजवळ बसला.

"धान्य कोणाचं आलं, ते दिसते त्याले?"

"दिसते न. नावच येते."

त्यानं आपला मोबाइल तिच्यापुढं धरला. "मले घाल त्याच्यात."

"तुमाले? कायले?"

"घाल म्हनलं न."

राखीनं त्याच्या मोबाइलवर खेळ उतरवून घेतला. पहिलाच प्रश्न आला, कोणती जमात हवी.

"रोमन घ्या, बा. नव्या माणसाले तेच बरे."

"जास्त वझं कोण नेते?"

"जर्मन. पण धिमे चालतात."

"आपले बैल कोणते पळत होते? जर्मन घाल."

"आन नाव?"

"लदेणी लिव."

पाठीवर पोती लादलेल्या बैलांची रांग म्हणजे लदेणी. ती धरमसिंगनं डोळ्यांनी पाहिली नव्हती. त्याच्या आजानं सांगितलेली होती. राखीनं ऱ्हस्व-दीर्घ न विचारता नाव टाकलं.

नवं गाव नकाशाच्या पार उत्तरेच्या टोकाला पडलं. नव्या खेळाडूला एक बाजार आणि थोडं धान्य फुकट मिळतं. धरमसिंगनं ते सगळं भरायला लावलं.

"सगळं? तुमच्या गावाले काय ठेवता?"

"पाठव."

"बा, त्याचं भागलं आता. गरज नाही त्याले. आन हे पोचाले साडेचार घंटे लागतात."

"पोचू दे."

गाड्या निघाल्या. पडद्यावर त्या हलतात की नाही तेही कळत नव्हतं. धरमसिंगनं चष्मा लावून एकदा पाहिलं, मग मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला, पडदा आपल्याकडे करून.

पाच वाजून सहा मिनिटांनी राखीच्या मोबाइलवर बबलूचा मेसेज आला. दोन वर्षं ती त्याचे मेसेज असेच मोठ्यानं वाचायची, कोणी विचारलेलं नसताना.

"'वाचवलं तुनं, राखे. फौजेच्या नादात धान्याचं ध्यानातच नाही राह्यलं.'" ती थांबली. दुसरा मेसेज आला होता. "'उत्तरेकून कोण येऊन राह्यलं पाय. लदेणी नावाचं. आजच घुसलं खेळात. दुश्मन त नाही?'"

तिनं बापाकडे पाहिलं. "काय सांगू?"

धरमसिंगनं चष्मा काढला, खिशात ठेवला.

"सांग, फौज नाही म्हनाव. धान्य आहे."

मग तो आत गेला. खुंटीवरची बबलूची खंजिरी काढून आणली, दुपट्ट्यानं पुसली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली. ऊन आता अंगणाच्या कडेला गेलं होतं. त्यानं दोन्ही तिथवर सरकवल्या.