फायबरचं बॉनेट

बायकोचं दुखणं बरं होणारं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दिवशी त्याने जुन्या गाडीसाठी फायबरचं बॉनेट मागवलं. लोखंडी बॉनेटची गंजून चाळण झाली होती. गाडीचं काम दोघं मिळून करत. पण लोखंड धरायची ताकद तिच्यात उरली नव्हती. “मी वाळले, म्हणून बॉनेटही वाळवलंत होय?” ती हसली. “बसवताना डावीकडून मीच धरणार.” बॉनेट यायला तीन महिने लागले. ती दोनच थांबली. “काका, अशा गाडीला फायबर कसलं लावता? अस्सल लोखंडी मिळतं की,” शेजारचा मेकॅनिक म्हणाला. “तिला पेलवत नाही,” तो म्हणाला. मेकॅनिक पुढे आला. “मी धरू पलीकडून?” “नको. हलकं आहे.” त्याने एकट्याने बॉनेट उचललं, जागेवर बसवलं, उजव्या बिजागरीचे बोल्ट आवळले. पाना पुसून ठेवला. डावीकडचे बोल्ट अजून लावायचे आहेत.