कर्णिकसरांचे आकडे

नदीला पूर आला की वाजावा म्हणून बनवलेला नवा भोंगा चाचणीत तिसऱ्यांदा मुका राहिला, तेव्हा अनुयाने त्याच्या आतल्या सर्किट बोर्डाची फाइल छापून घेतली आणि नवीन पनवेलला, तिच्याच कंपनीतून निवृत्त झालेल्या कर्णिकसरांचं घर गाठलं. प्रोसेसरने बाहेरच्या कोणत्या मेमरी चिपला हाक मारायची आणि उत्तरासाठी किती नॅनोसेकंद थांबायचं, ते सगळं त्या फाइलीत होतं. खाली सरांची बारा वर्षांपूर्वीची तंबी : ‘हे आकडे बदलू नयेत. – कर्णिक.’

“सर, हे आकडे काढले कसे? एक बदलून बघितला, तर बोर्ड सुरूच होईना.”

सरांनी चष्मा पुसला, कागद खालवर न्याहाळला.

“अगं, मी जुन्या बोर्डावरून उतरवले. चालले, म्हणून तंबी लिहिली. म्हटलं, माझ्यामागून येणारा कोणी शहाणा तपासेल.”

“आणि मला वाटलं, तुम्ही तपासले असतील.”

“चहा टाकू?”

चहा पिऊन ती ऑफिसात परतली. सोमवारी भोंगा नदीकाठी बसवायचा होता. अनुयाने फाइल उघडली. मग तिने सरांच्या तंबीखाली एक ओळ वाढवली : ‘सरांना भेटून खात्री केली आहे. – अनुया.’