रुदोची सुटका

मंदीत दुबईच्या एका हॉटेलाने बँड घरी पाठवला, फक्त झिंबाब्वेची गायिका रुदो ठेवून घेतली. तिलाही जायचं होतं, पण पासपोर्ट मॅनेजर घाणेकरांच्या ड्रॉवरमध्ये होता. अंगठ्यांनी एम्बिराच्या लोखंडी पट्ट्या छेडत ती आजीची गाणी गायची आणि साउंड सांभाळणारी अनुपमा त्याखाली लॅपटॉपचे ठोके सोडायची. "तुझी गाणी रेकॉर्ड करू," अनुपमाने सुचवलं. "आवाज मिळाला की साहेब तुला सोडतील." आठवडाभर दोघी खपल्या. घाणेकर खूश झाले. "खलास, काम झालं! आता हिचा घसा बसायची भीती नाही. शेजारच्या अजमानमधल्या आपल्या हॉटेलातही उभी राहील. नुसते ओठ हलवायचे." "आणि पासपोर्ट?" अनुपमाने विचारलं. "इन्शाल्ला, मंदी सरू दे." संध्याकाळी अनुपमाने रेकॉर्डिंग लावलं. रुदो माइकसमोर आली आणि हात मागे बांधून, ओठ मिटून उभी राहिली. स्पीकरमधून तीच गात होती. जेवणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.